कट्ट्याचे मेस्त्री आणि गवताचं मशीन

कुठलीही मोडकी वस्तू समोर आली की मेस्त्री आधी उकिडवे बसत. एक डोळा मिटून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत आणि म्हणत, "वाकडां आसा, पण वायट नाय." मग ते लोखंडी गेट असो नाहीतर शाळेतलं बाक. माणसांबद्दलही त्यांचं मत साधारण हेच होतं.

कट्टा गावच्या बाजारात त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. उमेदीची वर्षं देवगडला मासेमारीच्या ट्रॉलरच्या इंजिनापाशी गेली, त्यात कान गेले. त्यामुळे समोरचा बोलू लागला की ते हातातलं काम ठेवून त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत. नव्या गिऱ्हाइकाला वाटे, हे रागावले की काय. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील.

आमच्याकडे ते आले मशीनसाठी. बाबांना लकवा झाला, डावा हात-पाय लुळा पडला आणि जीभ जड झाली. स्वतःच्या हातांनी लावलेली आंब्याची बाग समोर, आणि बाबा पडवीतल्या खुर्चीत. गोव्यात हॉटेलात नोकरी करणाऱ्या माझ्या भावाने तिथलं जुनं, वर बसून चालवायचं गवत कापायचं मशीन टेम्पोतून पाठवलं. छोटा ट्रॅक्टरच म्हणा. बाबा यावरून बागेत फिरतील, असा त्याचा बेत. उतरवताना दोर निसटला आणि पुढचं चाक चिऱ्याच्या गडग्यावर, बागेच्या दगडी कुंपणावर आदळलं. चेसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, वाकली. मशीन सारखं डावीकडे ओढू लागलं. एका हाताने ते सरळ धरून ठेवणं बाबांना कसं जमणार?

मेस्त्री उकिडवे बसले, एक डोळा मिटला, नेहमीचं वाक्य म्हणाले. फणसाला साखळी बांधून त्यांनी चेसी ताणली, गॅसने तापवून ठोकली, तडा गेला होता तिथे पट्टी जोडली. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर दोरीने पुढच्या कडेला मोजलं, मागच्या कडेला मोजलं, स्टिअरिंगचा दांडा फिरवून दोन्ही चाकं जुळवली. मग स्वतः बसून चालवलं. मशीन डावीकडेच गेलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं खोललं, पुन्हा जुळवलं. पुन्हा डावीकडे. मेस्त्री मशीनसमोर उकिडवे बसले. बाबा खुर्चीतून काहीतरी बोलले. मला कळलं नाही, आईलाही नाही. मेस्त्री मात्र त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते उठले आणि मागच्या डाव्या चाकावर त्यांनी अंगठा दाबला.

"काका म्हणतत, मागची हवा बघ," ते मला म्हणाले. मग एकटेच हसत सुटले. "दोन दिस लोखंड बडवलंय गो बाय, आणि चाकात हवाच नाय. माझोच डोळो वाकडो."

हसले बाबाही. आजारपणानंतर आपलं बोलणं कुणाला तरी पहिल्याच खेपेला कळलं, याचं ते हसू होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

हवा भरल्यावर मशीन सरळ चाललं. मेस्त्रींनी पाती काढून ठेवली, बाबांना उचलून सीटवर बसवलं. "खंय जावचां काकांनू?"

बाबांनी बागेच्या पलीकडच्या बांधाकडे बोट दाखवलं.

बाबा निघाले. मेस्त्री बाजूने चालत होते, हात सीटच्या जवळ, पण कुठेही न टेकवलेला. बांधापाशी बाबांनी मशीन थांबवलं. तिथल्या कलमाच्या बुंध्यावर उजवा हात ठेवला आणि रडू लागले. मी धावत निघाले, तर मेस्त्रींनी हातानेच मला थांबवलं. बाबांकडे पाठ करून ते चाकाचे नट उगाच तपासत बसले.

त्यानंतर दर रविवारी ते यायचे. कधी काम असे, बहुतेकदा नसे. बाबा बोलत, ते बघत. आईने एकदा विचारलं, "एवढां काय बोलतात हे?"

"बोंबलाच्या कालवणाबद्दल," मेस्त्री म्हणाले. "तुम्ही मीठ कमी टाकता."

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर मशीनचं इंजिन बंद पडलं. रविवारी येऊन बघतो, असा त्यांचा निरोप होता. शनिवारी दुकानातच छातीत कळ येऊन ते गेले.

बाबांनी कट्ट्याला जायचा हट्ट धरला. रिक्षातून उतरणं त्यांना शक्य नव्हतं, म्हणून मेस्त्रींची बायकोच रिक्षापाशी आली. दुकानाचं शटर ओढलेलं होतं. तिने रिक्षाचा दांडा धरला. मग तीच म्हणाली, "हे सारखे तुमच्याच मशीनचां सांगीत. सरळ चालता मां तां?"

मशीन घरी आंब्याखाली बंदच, ताडपत्रीने झाकलेलं होतं. मी काही बोलायच्या आत बाबा जीभ सावरत, सावकाश म्हणाले, "चालता."

तिला ते लगेच कळलं. "बरां झालां," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.