माळाचा एक कोपरा

"थांबा हं, विचारून घेतो," असं म्हणून ते कानावरची पेन्सिल काढायचे, डोळे मिटायचे आणि ओठ हलवायचे. पाच-सहा सेकंद. मग डोळे उघडून लाकडावर सरळ रेघ मारायचे.

आमच्या शाळेत ते सुतारकाम शिकवायला आले तेव्हा पहिले काही दिवस आम्हा शिक्षकांना कोडंच पडलं, की हे विचारतात तरी कुणाला? बायकोला, असं गणिताच्या सरांचं मत होतं. पुढे कळलं, ते देवाला विचारतात. प्रार्थना करणारी माणसं तुम्हीही पुष्कळ पाहिली असतील. पण सायकलीत हवा भरण्याआधी प्रार्थना करणारा माणूस मी तरी तो एकच पाहिला.

मुलं अर्थातच याचा फायदा घेत. एकदा त्यांचे डोळे मिटलेले असताना कुणीतरी करवत लपवली. मास्तरांनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "देव म्हणतोय, करवत तिसऱ्या बाकाखाली आहे." वर्ग गार पडला. नंतर मला म्हणाले, "सर, एक डोळा किलकिला ठेवावा लागतो. एवढं तो चालवून घेतो."

आमचं गाव आटपाडीपासून कोसा-दीड कोसावर, दुष्काळी माळावरचं. मोठ्या दुष्काळानंतरची ती दोन-तीन वर्षं. मास्तर मूळचे सांगलीकडचे. त्यांची बायको गावातल्या सरकारी दवाखान्यात नर्स होती, सगळे तिला नर्सबाई म्हणत. चार वर्षांची एक मुलगी होती. आमच्याच आळीत दोन खोल्या घेऊन ते राहिले. साऱ्या गावात ख्रिस्ती घर हे एवढंच.

आल्या आल्या पारावरच्या एका म्हाताऱ्यानं त्यांना हटकलं होतं. मी शेजारीच होतो.

"सुतार काय तुमी?"

"काम सुताराचं करतो."

"मग जात?"

"ख्रिस्ती."

"व्हय, पर त्यातलं कोण?"

मास्तर हसले. "बाबा, आमचा प्रभू सुताराच्या घरात वाढला. आता तुम्हीच ठरवा."

म्हाताऱ्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, "मंग आपल्यातलंच हाय की." त्या दिवसापासून ते सुतार मास्तर झाले.

रविवारी त्यांच्या घरी उपासना असे. त्यांचं देऊळ, म्हणजे चर्च, सांगलीला; तिथं दर आठवड्याला जाणं शक्य नव्हतं. मग बाहेरच्या खोलीत चटई टाकून मास्तर स्वतःच पाळक व्हायचे. मंडळी म्हणजे बायको आणि मुलगी. दुसऱ्या वर्षी मुलगा झाला, तेव्हा मंडळी तीन झाली. आधी गायन, मग शास्त्रवाचन, मग उपदेश. मी बाहेर कट्ट्यावर बसून वाट पाहायचो, कारण उपासनेनंतर चहा मिळे. उपदेश लांबला की आतून नर्सबाईंचा आवाज येई, "आवं, पुरे आता. प्रभू दयाळू हाय, पर चूल न्हाई. भाजी करपली."

चहा मी त्यांच्या घरी घ्यायचो, पण घरी कधी सांगितलं नाही. आई गेल्यावर आमच्या घराचा सगळा व्यवहार आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, धाकात चाले. ते काय म्हणतील, याची मला भीती होती. ते काही म्हणाले नव्हते. कारण मी विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलाला जुलाब लागले. आठ महिन्यांचं पोर. नर्सबाईंनी जे करायचं ते सगळं केलं, डॉक्टर दोन दिवस उशाशी होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला मास्तर माझ्या दारात उभे राहिले. अंगात कालचाच सदरा होता.

"सर, बाळ गेलं."

ते पुढं बोलू लागले. आवाज अगदी सपाट.

"गावात आमच्या लोकांना जागा नाही. सरपंचांकडे जाऊन आलो. ते म्हणाले, चार माणसं बसवून ठरवावं लागेल, दोन दिवस लागतील. ऊन लय आहे, सर." मग म्हणाले, "तुमचा ओढ्यापलीकडचा माळ आहे ना, त्याचा एक कोपरा मिळाला तर? खड्डा मी खणतो. तुम्हाला काही तोशीस नाही."

तो माळ म्हणजे नऊ एकर दगड. तरवडाची झुडपं सोडली तर तिथं काही उगवत नसे. पावसाळ्यात धनगरांची मेंढरं तिथं बसत, आणि आम्ही कधी कुणाला हटकलं नव्हतं.

मी म्हणालो, "आबांना विचारून सांगतो."

"बरं," ते म्हणाले. "मी घरीच आहे."

मी आमच्या थोरल्या घरी गेलो, आबा तिथं राहत. सोप्यात आबांसमोर वडूजचे पाहुणे बसले होते. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. दोन जागा मोडून ही तिसरी आली होती. मी खांबाला टेकून उभा राहिलो.

"काय रं?" आबांनी विचारलं.

"काय न्हाई," मी म्हणालो आणि खाली बसलो.

पाहुण्यांपुढं मयताचं कसं काढायचं? त्यातही परजातीच्या? असं मी मनाला सांगत होतो. चहा झाला, पोहे झाले, मुहूर्ताचं बोलणं झालं. मी सुपारी कातरून देत होतो. मध्ये एकदा आबा पाणी प्यायला आत गेले. मला मागोमाग जाता आलं असतं. गेलो नाही. पाहुणे उठले तेव्हा साडेअकरा वाजले होते.

मास्तरांच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "अकराच्या सांगली गाडीनं गेली की समदी."

पुढचं मला माझ्या बायकोकडून कळलं. नर्सबाईंनी पुष्कळ दिवसांनी तिला सांगितलं होतं. मयत एष्टीत घेत नाहीत, म्हणून निघण्यापूर्वी नवराबायकोनं ठरवलं, काय रडायचं ते घरात रडून घ्यायचं. बाळाला टोपडं घातलं, दुपट्यात गुंडाळलं आणि मास्तरांनी मांडीवर घेतलं. मुलीला सांगितलं, बाळ निजलंय. सांगलीपर्यंत चार तास. गाडी गच्च भरलेली. कुणी मोठ्यानं बोललं की ती मुलगी ओठांवर बोट ठेवून म्हणायची, "हळू बोला, बाळ उठंल." शेजारची एक बाई कौतुकानं म्हणाली, "लय गुणाचं लेकरू हाय बघा, एवढ्या उन्हात रडत न्हाई." मास्तर तिला म्हणाले, "होय, गुणाचं आहे."

पाच दिवसांनी ते शाळेत आले. कानावरची पेन्सिल काढली आणि थेट लाकडावर रेघ मारली. मुलं एकमेकांकडे पाहू लागली. कुणी हसलं नाही.

मधल्या सुट्टीत ते माझ्याजवळ आले. "बहिणीचं जमलं म्हणे, सर. चांगलं झालं."

मला पुष्कळ बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "त्या दिवशी आबा जरा कामात होते."

"असतात, सर," ते म्हणाले. "पाहुणे होते, मला कळलं."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. एखादा शब्द लागला असता, मी चिडलो असतो, भांडणात तरी खरं बोललो असतो. त्यांनी मला तेवढीही वाट ठेवली नाही.

रविवारचं गायन महिन्याभरानं पुन्हा सुरू झालं. आळीतून जाताना नर्सबाईंचा आणि मुलीचा आवाज ऐकू येई. मास्तरांचा आवाज मला पुन्हा ऐकू आला नाही. हळू गात असतील कदाचित. कट्ट्यावर बसायला मी गेलोच नाही, तेव्हा खात्रीनं कसं सांगू?

पुढल्या जूनमध्ये नर्सबाईंची बदली झाली आणि ते गाव सोडून गेले.

त्या वर्षी दिवाळीत बहीण माहेरी आली होती. सगळे जेवून बसलो होतो आणि कशावरून तरी मास्तरांचा विषय निघाला. न राहवून मी आबांना सगळं सांगितलं. ते पान लावत होते. हात थांबला.

"मग दिली का न्हाईस जागा?"

"तुमाला विचारायचं हुतं."

"मग इचारायचं हुतंस की! मी काय मेलो हुतो?" त्यांचा आवाज चढला. मग एकदम उतरला. "आरं, लेकराला माती द्यायला बापाला इचारतोस व्हय? काय पिकतंय रं त्या माळावर?"

त्यांनी ते पान तसंच खाली ठेवलं आणि उठून गेले. इतकी वर्षं ज्यांच्या भीतीची ढाल करून मी वावरलो, ते आबा असे होते, हे मला तिशी उलटल्यावर कळलं.

दोन वर्षांनी परीक्षेचे पेपर तपासायला सांगलीला जाणं झालं. मास्तरांची चौकशी केली. कुणी म्हणालं नगरकडे गेले, कुणी म्हणालं कर्नाटकात. एका दुपारी लवकर मोकळा झालो आणि विचारत विचारत ख्रिस्ती लोकांच्या दफनभूमीत गेलो. एक म्हातारा रखवालदार दगडांना चुना लावत होता.

"कुणाचं बघताय?"

मी बाळाचं आणि मास्तरांचं नाव सांगितलं. त्याला काही आठवेना. त्यानं मला खालीवर न्याहाळलं.

"तुमचं कोण लागायचं?"

"आमच्या गावचं लेकरू आहे ते," मी म्हणालो.

त्यानं चुन्याच्या कुंचल्यानं पलीकडच्या भिंतीकडं दाखवलं. "ल्हान पोरांची रांग तिकडं हाय. लय दगडांवर नावं न्हाईत. बघा, गावतंय का."

मी भिंतीपर्यंत गेलो. रांग बरीच लांब होती.