त्या शेवटच्या चार ओळी

अनंताच्या कवितेतल्या शेवटच्या चार ओळी त्याच्या नव्हेत, माझ्या आहेत. त्याला न विचारता मी त्या लिहिल्या आणि त्याच्या नावावर छापल्या. हे सहा वर्षांपूर्वीच त्याच्या बहिणीला सांगायला हवं होतं. गेल्या महिन्यात खेडहून त्याच्या शाळेतल्या शिपायाचा फोन आला, 'सर गेले, वर्गातच…' तेव्हा दुःखाच्याही आधी माझ्या मनात हेच आलं, की तो असेपर्यंत सांगायचं राहिलं. मित्राच्या मरणाची बातमी ऐकताना माणसाला स्वतःचीच आठवण यावी, याची लाज अजून वाटते.

आम्ही रत्नागिरीला कॉलेजात एकत्र होतो. तो किनाऱ्यावरच्या नाटे गावचा, मच्छीमाराच्या घरातला. सुट्टीत मला घरी घेऊन जायचा. त्याची मोठी बहीण सुलूताई लग्न होऊन त्याच गावात, चार घरं पलीकडे राहायची. माझ्या ताटातला मासा बघून ती म्हणायची, 'काट्यावर एवढं मांस ठेवतात होय रे? मांजरीला बोलावू काय?' तिचा नवरा होडीवर तांडेल होता; होडी चालवायची आणि खलाशांना सांभाळायचं, हे त्याचं काम. एका पावसाळ्याच्या तोंडावर त्याची होडी परतली नाही. दोन खलाशी सापडले, तो सापडला नाही. असा माणूस समुद्रात राहिला, तर काही काळ वाट बघून दर्भाचा पुतळा करतात आणि त्यालाच अग्नी देतात. सुलूताईने ते होऊ दिलं नाही. दिरांना एवढंच म्हणाली, 'मिळू दे, मग करू.' आणि कुंकू लावून बाजारात मासे विकत राहिली. लोक पाठीमागे बोलत, कधी तोंडावरही. तिने ते मनावर घेतलं नाही.

पुढे अनंत खेडला मराठीचा शिक्षक झाला. शाळेच्या ग्रंथालयात त्याला ग्रीक पुराणातली एक गोष्ट सापडली. राजा समुद्रात बुडतो, राणीला ते स्वप्नात कळतं. सकाळी ती किनाऱ्यावर जाते, तर लाटांवरून त्याचं प्रेत येत असतं. ती त्याच्याकडे झेपावते आणि दोघांचे खंड्या पक्षी होतात. अनंत मला फोनवर म्हणाला होता, 'ग्रीक लोकही आपल्यासारखेच रे, समुद्र दिसला की रडगाणं सुरू.' पण त्यानंतर दोन वर्षं तो त्या गोष्टीतच गुंतून राहिला. त्याने तिची ओवीत प्रेमकथा केली. राजाचा तांडेल झाला, राणीची मासे विकणारी बाई. दोघं मोबाईलवर भांडतात, लाडात येतात, आणि होडी लांब गेली की बोलणं मध्येच तुटतं.

अर्धं बोललास तू, रेंज गेली दर्यात;
उरलेलं ऐकायला कान माझा वाऱ्यात.

त्याची कविता इथेच संपत होती. प्रेत नाही, पक्षी नाहीत. मी तेव्हा छापखान्याबरोबर एक छोटा दिवाळी अंक चालवत होतो. मला वाटलं, शेवट राहूनच गेलाय. मूळ कथेत प्रेत किनाऱ्याला लागतं, वाचकाला तेवढं तरी मिळायला हवं. अंक छपाईला जायची घाई होती, अनंताचा फोन लागत नव्हता. मी चार ओळी जुळवल्या. त्या इथे पुन्हा देत नाही. त्यात लाट त्याला वाळूवर आणून ठेवते आणि ती कपाळावरून हात फिरवते.

अंक नाट्याला पोचला. दिरांनी तो सुलूताईपुढे ठेवला आणि म्हणाले, तुझ्या सख्ख्या भावानेच आणलान त्याला किनाऱ्याला, आता कोणासाठी अडून बसलीस? आठ दिवसांत पुतळा झाला, अग्नी दिला, कुंकू गेलं. त्यानंतर तिने अनंताला दार उघडलं नाही. मी हादरून त्याला म्हणालो, पुढच्या अंकात खुलासा छापतो. तो म्हणाला, 'छापलंय माझ्या नावावर, म्हणजे माझंच. तुझं नाव मी तिला सांगणार नाही. सांगायचं तर तू सांग.' पुढचा अंक निघालाच नाही. नाट्याला जायला मात्र कोणी अडवलं नव्हतं… भाऊबीजेला तो माझ्याकडे येऊन बसायचा, तेव्हाही मी विषय काढला नाही.

अनंताला शेवटचं नाट्याला आणलं, तेव्हा सुलूताई गर्दीच्या मागे कुंपणाशी उभी होती. पुढे आली नाही. मीही तिच्याकडे गेलो नाही. त्यानंतर तीन आठवड्यांनी गेलो. ती अंगणात सुके बांगडे उलटत होती. उभ्या उभ्याच मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

'मग त्यानं काय लिहिलान होतं?' तिने विचारलं.

'ती वाट बघत राहते. एवढंच.'

तेव्हा ती खाली बसली. 'सहा वर्सं दारात येऊन गेलो तो,' ती म्हणाली. 'आणि मी कडी लावून आत बसले.'

येताना एसटीत मी त्या चार ओळींबद्दलची माफी मनात घोकत आलो होतो. ती अपुरी आहे, हे मला तेव्हा कळलं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हणालो, 'ताई, ओळी मी अडाणीपणाने लिहिल्या. पण नंतर गप्प बसलो, ते जाणूनबुजून. तुमचा भाऊ जिवंत होता, तेव्हाच मी त्याला तुमच्यापासून तोडलं. माझं चुकलं.'