अविधवा नवमीचं पान

हेब्बाळच्या तळ्याकाठी मळा करणारी भागुबाई शहराच्या बाजारात शेवंती विकायची. बाई अशी फटकळ, की भाव पाडून मागणारं गिऱ्हाईक तिला लांबूनच बघून रस्ता बदलायचं. पण अठ्ठावन्न साली तिची एकुलती लेक चंपा कॉटनपेठेतल्या सासरहून नाहीशी झाली, आणि बाजार सुना पडला म्हणा ना. कुणी वेणी मागितली तर ही विचारायची, "कॉटनपेठेतनं आलात का? माझी चंपा कुठं दिसली का?"

जावई रघुजी शिंपीकाम करायचा. त्याचा हात मशीनवर चालायचा तसाच बायकोवरही चालायचा. मागं एकदा चंपा भाजलेला दंड पदराखाली झाकून माहेरी आली, तेव्हा "नांदायला लागतंय, बाळे," म्हणत भागुबाईनंच तिला परतीच्या बसमध्ये बसवलं होतं. मग उन्हाळ्यात निरोप आला, तुमची पोर पळाली.

"कुणाबरोबर?" भागुबाईनं दारात जाऊन विचारलं.

"ते तुम्हीच सांगा," रघुजी म्हणाला. "शिकवण तुमची."

ठाण्यातला जमादार देवाप्पा बेळगावकडचा, मराठी बोलणारा. तो म्हणायचा, "अक्का, रुसून गेलेल्या बायका सणाला परत येतात. स्वल्प धीर धर." ती धीर धरायची. 'मेली असेल बिचारी' असं कुणी नुसतं पुटपुटलं, तरी हातातली पाटी त्याच्या अंगावर भिरकावायची.

पितृपक्ष लागला. रघुजीच्या भिंतीला भिंत लागून राहणारी शालन फुलं घ्यायला आली. हातभर नव्या हिरव्या बांगड्या.

"कुणी भरल्या गं?"

"तुमच्या विहीणबाईंनी! काल जेवायला बोलावलं होतं. खीर काय, पुरणपोळी काय, वर ओटी. एवढी चिकट बाई, म्हटलं सूर्य कुठं उगवला आज!"

भागुबाई कितीतरी दिवसांनी हसली. आणि हसता हसताच तिचा हात माळेत थांबला. काल नवमी होती.

आता ही नवमी म्हणजे अहेव गेलेल्या बाईची. नवरा मागं ठेवून जी मेली, तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची; नाहीतर ती घर सोडत नाही म्हणतात. रघुजीची आई विठाबाई स्वतः विधवा, चांगली हिंडतीफिरती. तिची सासूही कुंकू पुसल्यावरच गेलेली. मग त्या घरात अहेव मेलं कोण?

"शालन, याआधी कधी बोलावलं होतं?"

"छे, कधीच नाही..." शालनचा चेहरा उतरला. "अक्का, चंपा गेली तवापासनं त्यांनी आडावर फळ्या ठोकल्यात. मांजर पडलं म्हणाले."

भागुबाईनं फुलं तशीच टाकली आणि ठाणं गाठलं. देवाप्पानं सगळं ऐकून घेतलं. आज तो धीर धर म्हणाला नाही.

"नवमी आमच्या घरीही करतात," तो हळूच म्हणाला. "मला कळलं. पण साहेबाला काय सांगू? पोळ्या खाऊ घातल्या म्हणून खून ठरतो का?"

"आड उपसा, अण्णा."

"हरवलेल्या बाईसाठी आड उपसत नाहीत, अक्का. लेक मेली, मारली, असं तुला सांगावं लागेल. साहेबापुढं, तुझ्या तोंडानं. तरच ते उठतील."

भागुबाईनं साहेबांच्या खोलीकडं पाहिलं. 'हरवली' म्हणत होती तोवर पोर कुठंतरी चालत होती, जेवत होती, आईला शिव्या देत होती. ती आता कायमची थांबणार. साहेब आत फायली चाळत होते. ती उंबरठा ओलांडून गेली आणि म्हणाली, "मेली माझी चंपा. नवऱ्यानं मारली."

दुसऱ्या दिवशी फळ्या निघाल्या. रघुजी दारात पोलिसापाशी बसला होता, वर बघत नव्हता. आतून विठाबाईचं रडणं ऐकू येत होतं. गडी आडात उतरले आणि बादल्या वर येऊ लागल्या. भागुबाई काठाशी उभी राहून तोंडी येईल त्या देवाला विनवत होती, मला खोटी पाड रे. पोरगी पळालेली असू दे, कुणाही परक्याच्या घरी असू दे, गाव माझ्यावर थुंकू दे. पाणीच येऊ दे, नुसतं पाणी.

खालून गड्यानं बादली नको म्हणून बांधायला दोर मागितला. देवाप्पानं भागुबाईकडं पाहिलं नाही. त्यानं दोर सोडला.