तुमच्यात

"मूळ आडनाव काय गं तुमचं?"

डॉक्टरकाकांनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या कॉव्हेंट्रीच्या घरात, मागच्या काचेच्या खोलीत, खुर्चीच्या कडेवर ताठ बसले होते. आर्मीच्या इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस चालली होती. अर्धा तास ते इंग्रजीत प्रश्न विचारत होते, मी इंग्रजीत उत्तरं देत होते. हा एकच प्रश्न मराठीत आला. मला वाटलं, हाही प्रॅक्टिसचाच भाग असेल.

"आजोबांनी चेंज केला, काका. आधी कांबळे होता."

चहाचा ट्रे ठेवता ठेवता काकूंनी काकांकडे पाहिलं. काका मागे टेकले. माझा फॉर्म त्यांनी मांडीवर पालथा घातला.

"अच्छा. मग बरोबर आहे. आर्मी वगैरे तुमच्यात आहेच. हुकूम पाळणं, अंगमेहनत, सगळं तुमच्यात असतंच. पण ऑफिसर कशाला? तिथे घराणं बघतात. साधी सोल्जर म्हणून जा. छान जमेल."

मी हसले. "थँक्यू, काका," म्हणाले. आणि वहीत इंग्रजीत लिहून घेतलं की हे माझ्यात आहेच.

हो, थँक्यू म्हणाले. इतक्या वर्षांनी हे लिहितानाही कान तापतात. सरळ शिवी दिली असती तर निदान कळली असती. कॉव्हेंट्रीच्या शाळेत रोज एक तरी शिवी खाल्ली होती, त्या सगळ्या इंग्रजीत होत्या, त्यांचे अर्थ मला पाठ होते. ही मराठीत आली आणि मी तिचे आभार मानले.

तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. नॉटिंगहॅमला युनिव्हर्सिटीचं शेवटचं वर्ष. ज्यांना ऑफिसर व्हायचंय त्यांना आधी एक निवृत्त मेजर भेटायचे. पहिली भेट. परीक्षा नाही, नुसतं बोलणं. पण तुम्हाला पुढे पाठवायचं की नाही हे त्या बोलण्यावरच ठरायचं. फॉर्मवर ओळखीच्या दोन माणसांची नावं लागत. एक माझी ट्यूटर. दुसरं कोणी प्रतिष्ठित, घरच्यांना ओळखणारं. बाबा ज्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे तिथेच डॉक्टरकाका कन्सल्टंट होते. मराठी मंडळाचे आधारस्तंभ. मी त्यांचं नाव लिहिलं, कारण दुसरं कोणी नव्हतंच.

हे कोणाला सांगायचीही सोय नव्हती. इराकची लढाई चालू होती. नॉटिंगहॅमच्या भाड्याच्या घरात माझ्याबरोबर राहणाऱ्या तिघी मैत्रिणी लढाईविरुद्धच्या मोर्च्याला जाऊन आल्या होत्या, किचनच्या दाराला त्यांचे बोर्ड टेकवलेले असायचे. मी फॉर्म गादीखाली ठेवायचे. ज्यांना सांगता आलं असतं, त्या आर्मीत जाऊ पाहणाऱ्या मुलांचे वडील, काका, आजे सगळे ऑफिसर. काय घालायचं, हात कसा मिळवायचा, हे त्यांना जेवणाच्या टेबलावर आपोआप कळायचं. मी मात्र आरशासमोर उभी राहून स्वतःशीच हात मिळवत होते. फार एकटं वाटायचं. खोटं कशाला बोलू, रडायचेसुद्धा.

आई मी चौदा वर्षांची असताना गेली आणि माझी मराठी तिथेच थांबली. माझ्याजवळ एवढंच व्याकरण होतं: मित्रांना तू, मोठ्यांना तुम्ही. डॉक्टरकाका मला लहानपणापासून 'तू' म्हणत. त्या दिवशी त्यांनी 'तुझ्यात' म्हटलं नाही, 'तुमच्यात' म्हटलं. मला वाटलं, मी आता ऑफिसर होणार, म्हणून त्यांनी मला मान दिला. त्या एका शब्दावर मी घरापर्यंत जवळजवळ नाचतच गेले.

घरी बाबा माझा पांढरा ब्लाऊज इस्त्री करत होते. सूट चॅरिटी शॉपमधला होता, बाह्या बाबांनीच हाताने टाके घालून आखूड केल्या होत्या. इस्त्री झाल्यावर ते जेवणाच्या टेबलाशी मेजर होऊन बसले. चष्मा लावून त्यांनी प्रश्नांचा कागद धरला.

"ऑफिसरच का?" त्यांनी इंग्रजीत वाचलं.

"कारण ते माझ्यात आहे," मी म्हणाले आणि हसत सुटले. "बाबा, डॉक्टरकाकाच म्हणाले. आणि त्यांनी मला फर्स्ट टाइम तुम्ही केला! म्हणाले, तुमच्यात आहेच ते."

बाबांनी कागद खाली ठेवला.

"त्याच्या आधी काय विचारलं त्यांनी?"

"मूळ आडनाव."

"आणि तू सांगितलंस."

"हो. का?"

बराच वेळ बाबा टेबलावरचा डाग नखाने खरवडत राहिले.

"तुला नाही म्हणाले ते," शेवटी म्हणाले. "आपल्याला म्हणाले. आपल्या सगळ्यांना."

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. आपण महार. आजोबांनी धम्म घेतला, आडनाव बदललं. बाबांनी देश बदलला. मला सांगितलं नाही, कारण इथे त्याची गरज पडणार नाही असं त्यांना वाटलं. वीस वर्षं ते मंडळाच्या गणपतीत खुर्च्या मांडत होते, माईक लावत होते, आणि कोणी गाव विचारलं की हसून वायर गुंडाळायला लागत होते. तेही मला त्या दिवशी कळलं. मला वाटायचं, बाबांना खरंच माइकची आवड आहे.

मला बाबांचाही राग आला. हेही लिहायलाच हवं. एकवीस वर्षं मला माझ्याच बाबतीत अडाणी ठेवलं, आणि ज्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं त्याच्यासमोर मी वही उघडून बसले.

"जाऊ दे आता," बाबा म्हणाले. "मंगळवारी मीटिंग आहे. त्यांचं नाव राहू दे फॉर्मवर. काम झालं की बघू."

काम झालं की बघू. बाबांचं सगळं आयुष्य याच वाक्यावर निघालं होतं. काम कधी झालंच नाही. मी हॉलमध्ये गेले आणि फोन लावला. नंबर दोनदा चुकला.

"काका, मी फॉर्मवरून तुमचा नाव काढते."

"का गं? काय झालं?"

"तुम्ही जे म्हणालात, ते मला आता कळलं."

ते हसले. अगदी मायेने हसले.

"अगं वेडे, मी चांगल्या अर्थाने म्हणालो. तुमच्यात ना, लगेच मनाला लावून घेतात."

परत तोच शब्द. या वेळी मला पूर्ण कळला.

"काका, मला तू म्हणा नाहीतर तुम्ही म्हणा," मी म्हणाले. "तुमच्यात म्हणू नका."

फोन ठेवला. मागे दारात बाबा उभे होते. मी पेन घेऊन फॉर्मवरचं नाव खोडलं.

मंगळवारी नॉटिंगहॅमला मेजरसाहेबांसमोर बसले. साठीचा, नीट केस विंचरलेला माणूस. बरं बोलत होता. फॉर्मवरच्या खोडलेल्या नावावर त्याने बोट ठेवलं आणि कारण विचारलं.

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की हे इंग्रजीत सांगताच येत नाही. तिथे तू, तुम्ही, तुमच्यात, सगळ्याला एकच शब्द. त्या खोलीत माझ्या बाजूने बोलेल असा एक शब्दही नव्हता.

"घरगुती भांडण?" त्याने विचारलं.

"नाही सर. त्यांनी मला माझी जागा सांगितली. मला ती मान्य नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी लिहून घेतलं. काय, ते मला दिसलं नाही. दुसऱ्या नावाशिवाय फाइल पुढे जात नाही, म्हणाला. दोन आठवडे मुदत. हात मिळवला. हसला नाही.

बाहेर येऊन बसस्टॉपवर उभी राहिले. ओळखीच्या सगळ्या मोठ्या माणसांची मनात उजळणी केली. प्रतिष्ठित म्हणावं असं एकही नाव निघालं नाही. दोन आठवड्यांत मिळेल याची खात्री नव्हती. नाही मिळालं तर पुढच्या वर्षी परत येईन, त्याच्या पुढच्याही वर्षी येईन, हे तिथेच ठरलं. सोल्जर होण्यात कमीपणा काहीच नाही. पण मी कुठे उभं राहायचं हे माझं आडनाव विचारून कोणी ठरवणार असेल, तर तिथे मी उभी राहणार नाही. आर्मीत नाही, मंडळात नाही, कोणाच्या काचेच्या खोलीत तर नाहीच.