टपावरचा गोटीराम

कामोठ्याच्या गोटीरामने शेत बिल्डरला दिलं, पण खाडीवाल्याचा तोरा काही सोडला नाही. मिनीबसमध्ये पलंग, शेगडी आणि संडास बसवून तो बायकोला, पुतळाला, कोकण दाखवायला निघाला. एका गावात सकाळीच त्याने हे चाकावरचं घर थेट वाळूत नेऊन उभं केलं.

“आज पुनव आहे, गाडी वर घ्या,” टपरीवाला म्हणाला.

“मला भरती शिकवतो? माझा जनम खाडीवर गेला!” गोटीराम खेकसला आणि आत जाऊन घोरू लागला.

पुतळा मोरा बंदरातल्या मच्छीमाराची लेक. ती खुर्ची आणि मसाल्याचा डबा उचलून सुरूच्या बनात जाऊन बसली.

दुपारी पाणी आधी संडासात शिरलं, मग पलंगावर चढलं. गोटीराम चड्डीवरच टपावर उभा राहून समुद्राला शिव्या घालत होता.

ओहोटी लागल्यावर ट्रॅक्टरने गाडी ओढली, तरी त्याची हुज्जत चालूच. “आमचे शेतात असं पानी कदी आलं नाय!”

“कसं येल?” पुतळा म्हणाली. “तुमचे बापानं जनमभर खाडीला बांद घातला. तुमी त्यावर बसून बोरं खाल्ली.”