शेवंताने धुऱ्यावर बांधलेली झोळी

मुलाचा फोन आला तेव्हा मी केशोरीच्या बाजारात भाजी घेत होतो. शेवंता जेवून ओसरीवर आडवी झाली होती, ती उठलीच नाही... माझी धाकटी बहीण. नवरा गेल्यावर माझ्याकडे आली आणि शेवटपर्यंत राहिली. आता महिना होत आला. भेटायला येणारे अजून मला म्हणतात, भाऊ, धान रोवण्याच्या दिवसांत लेकुरवाळ्या बायांसाठी शेताच्या धुऱ्यावर झोळ्या बांधायची रीत तुम्ही घातली. ही रीत मी घातली नाही. मी तर ती अडवायला निघालो होतो.

वीसेक वर्षांपूर्वी माझी पहिली नात मैना रांगायच्या वयाची होती, पण बसवलं तरी कलंडायची. घरात धानाची कोठी भरलेली. आपल्या घरचं पोर उपाशी असेल हे माझ्या मनातही आलं नाही. आमच्या आईसारखी बारीक अंगाची आहे, एवढंच मी म्हणायचो. सून सुनीता उजाडताच रोवण्याला जायची. घरची सून सगळ्या बायांच्या पुढे चिखलात उतरते, हा आमचा तोरा. दिवसभर पोरीला पेजेचं वरचं पाणी मिळायचं, आणि सून जेवायची सगळ्यांच्या मागून, उरेल ते. तिचं दूध आटत चाललं होतं. शेवंता आल्यावर काही दिवस नुसती पाहत राहिली. मग एकदा मी जेवत असताना म्हणाली, "पोरगी वाढून नाई राहिली, दादा. कोठीत धान हाय, तो हिच्या पोटात गेला काय?"

दुसऱ्या दिवशी ती मैनाला कडेवर घेऊन थेट शेतात, बांधीवर आली. सुनेला चिखलातून बाहेर बोलावलं, पोर तिच्या मांडीवर दिलं आणि स्वतः पदर खोचून तिच्या जागी उतरली. बायांसमोर माझी शोभा झाली. रोवणा रखडला तर पऱ्हे, धानाची कोवळी रोपं, वाळतील, असं मी ओरडलो. तिने मान वर केली नाही. "पऱ्हे वाळले तं दुसरे टाकू. पोरगी कोठून आणशीन?"

तिने धुऱ्यावरच्या पळसाला लुगड्याची झोळी बांधली. दोन-चार दिवसांत मजूर बायाही आपापली लेकरं आणू लागल्या, आणि पाजायला बाहेर यायला कुणी कुणाला विचारेना. घरी मैनाला घट्ट वरण-भात कुस्करून, वर तेलाची धार घालून मिळू लागला. सुनेचं ताट माझ्या आधी वाढलं जाऊ लागलं. मी दोन दिवस रुसलो. कुणी लक्ष दिलं नाही. दिवाळीपर्यंत मैना भिंत धरून उभी राहिली.

पुढे ही रीत आजूबाजूच्या गावांत गेली. कार्यक्रम झाला, शाल-नारळ मला मिळाला, आणि मी तो घेतला. शेवंता बायांत बसून टाळ्या वाजवत होती. घरी येताना एवढंच म्हणाली, "शाल गरम हाय नं, दादा?" पुन्हा कधी विषय काढला नाही. मीही काढला नाही, ती असेपर्यंत...

तिला न्यायची वेळ झाली तेव्हा तिरडीला खांदा द्यायला मी पुढे झालो, पण कंबर साथ देईना. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. तेवढ्यात मैना आली. "आजोबा, तुमी सरका." कुणीतरी कुरकुरलं, तिने ऐकलं नाही. तिचा खांदा तिच्या बापाच्या खांद्याच्या उंचीला बरोबर आला. स्मशानापर्यंत तिरडी कुठेच कलली नाही.