‘मरावंसं वाटतं का?’ हे विचारायला शिकले

नागपुरातल्या सदर भागातल्या दवाखान्यात डॉक्टर मॅडम आधी माझ्या मुलीशी एकटीशी बोलल्या. मग आम्हा नवरा-बायकोला आत बोलावलं.

“समीक्षाला सिव्हिअर डिप्रेशन आहे. म्हणजे नुसती उदासी नाही. हा आजार आहे आणि तो बराच वाढलाय. जीव द्यायचे विचार रोज येतात. तुम्हाला सांगायला तिनेच होकार दिला. आजच अ‍ॅडमिट करू.”

वीस वर्षांची पोर शेजारी बसून नखं बघत होती.

तिचे बाबा उमरेडजवळच्या कोळसा खाणीत काम करतात. ते म्हणाले, “हिले काय कमी हाय, मॅडम?”

“कमी काही नसलं तरी ताप येतोच ना.”

सुरुवात थकव्याने झाली होती. रोज एसटीने नागपूरला कॉलेजात जाणारी समीक्षा घरीच राहू लागली. आंघोळ टाळायची. केसांच्या गाठी झाल्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, सगळं नॉर्मल आलं तेव्हा आम्ही खूश झालो होतो.

वॉर्डात शिरताना सिस्टरने तिच्या पिशवीतल्या कितीतरी रोजच्या वस्तू माझ्या हातात परत दिल्या. काहून, ते मी विचारलं नाही. समजलं होतं.

अँटीडिप्रेसंट, म्हणजे मनाचा तोल सावरणारं औषध, सुरू झालं. गुण यायला काही आठवडे लागतात. तोवर ती आणखीच मिटत गेली. नणंदेचा फोन आला, “लगन करून टाका तिचं, वं.” मी फोन बंद करून जिन्यात रडले.

मॅडम म्हणाल्या, “मरावंसं वाटतं का, असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. असेल तर बोलायला वाट मिळते.”

माझी जीभ रेटेना. एका दुपारी वॉर्डात तिचे बाबा तेल लावून तिच्या केसांच्या गाठी सोडवत होते. खाणीतले राठ हात, पण एक केस तुटू देत नव्हते. तेव्हा मी विचारलं, “समू, मरावंसं वाटून राहिलं का तुले?”

“हो,” ती म्हणाली. “रोजच.”

बाबांचा हात थांबला. मग फणी पुन्हा चालू लागली.

त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली.

घरी आणल्यावरही औषधं आणि समुपदेशन सुरूच आहे. ती बरी झाली, असं मी अजून कोणाला सांगत नाही. पण तुमच्या घरचं पोर असं गप्प होत असेल, तर विचारा. आणि लगेच डॉक्टरकडे न्या.

ती पुन्हा कॉलेजात जाऊ लागली होती. परवा तिथून तिचा फोन आला.

“आई, आज ते विचार लय येऊन राहिले. मले घ्यायले ये.”

“कुठं हायेस?”

“गेटवर. वॉचमनकाकांजवळ बसली आहो.”

“मी निघालीच. काकांजवळच बस. मॅडमले सांगून लगेच फोन लावते.”

असा फोन आला म्हणून कोणी आभार मानत नाही. तिने लपवलं नाही, सांगितलं, म्हणून मी मानले. मॅडमना कळवलं, त्यांनी लगेच घेऊन यायला सांगितलं. पुन्हा समीक्षाला फोन लावून मी एसटीत चढले. नागपूर येईपर्यंत तो कानालाच होता. तिचा श्वास ऐकू येत होता.